मंगळवार सोडून येणारा माणूस

लालबागच्या आमच्या चाळीत दार वाजवायची पद्धतच नव्हती. सकाळी कडी निघाली की दार उघडं ते थेट झोपायच्या वेळेपर्यंत. शेजारीण यायची ती गॅलरीतूनच बोलत यायची, वाक्य तिकडे सुरू व्हायचं आणि आमच्या मोरीपाशी येऊन संपायचं. पोरं तर सरळ आतच घुसायची. त्यामुळे कुणी चौकटीवर बोटं वाजवली की सगळ्या मजल्याला कळायचं, माणूस बाहेरचा आहे. आणि संपाच्या दिवसांत बाहेरचा माणूस म्हणजे काहीतरी झंझट, हे ठरलेलंच.

ह्या वाजणाऱ्या दाराची सगळ्यात जास्त धास्ती घेतली होती ती कौसल्यावहिनींनी. माझ्या खोलीपासून तीन खोल्या सोडून त्या राहायच्या. त्यांचे यजमान महादेव घाडी हे गिरणीत विणकर. उंच, सडपातळ, आणि बोलायला अगदी कंजूष. पोरवयात साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, उभे राहिले ते संप होईपर्यंत साच्यावरच. त्या खात्यात आवाज एवढा की बोलून उपयोगच नसतो, सगळं खुणांनी नाही तर ओठांवरून समजून घ्यायचं. महादेवभाऊ घरीसुद्धा तसेच वागायचे. चहा हवा असला की रिकामा कप नुसता वर धरायचे. "माझ्या नशिबी मुका साचा आलाय," असं वहिनी म्हणायच्या, पण हसून.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला. भाऊ गेटवर उभे राहणाऱ्यांतले. एकदा पहाटे पोलीस आले, दार ठोकलं आणि त्यांना घेऊन गेले. काही दिवसांनी सोडलं, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पण वहिनींच्या कानात ते ठोकणं राहून गेलं. मग गिरणीकडून एक गोड बोलणारा गृहस्थ यायला लागला. तो आपला हळूच टकटक करायचा आणि "हजर व्हा, सांभाळून घेऊ" म्हणायचा. वहिनी दाराशी उभ्या राहून सांगायच्या, "घरात नायत." तेव्हा भाऊ दाराच्या मागेच पाटावर बसून जेवत असायचे, घास तोंडात तसाच धरून. तो जिना उतरून जाईपर्यंत वहिनी तिथेच उंबऱ्याशी खाली बसून राहायच्या. पुढेपुढे कुणाच्या घरी पाट्याला टाकी घालायचं काम चाललं असलं, तरी छिन्नीच्या टकटकीनं त्या दचकायच्या.

संप संपला असं कुणी कधी सांगितलंच नाही. काही जणांना आत घेतलं, काही जणांना नाही. भाऊ न घेतलेल्यांतले. मग वहिनींनी मसाला करायला घेतला. माहेरी वेंगुर्ल्याकडे त्यांची आई करायची तसा, बेडगी मिरची, धणे, त्रिफळं, दगडफूल, सगळं भाजून कुटलेलं. आधी चाळीत विकला. पण चाळीत सगळ्यांचीच चूल मंद. कुणीतरी म्हणालं, दादर-माटुंग्याला जा, तिथल्या बायकांना घरचा मसाला हवा असतो. म्हणजे काय, तर परक्यांची दारं वाजवायची.

पहिल्या दिवसाची गोष्ट वहिनी फार रंगवून सांगायच्या. दादरच्या एका इमारतीत गेल्या आणि दारावर बोट टेकवलं. इतक्या हळू, की आतल्या माणसाला नाही, कुत्र्याला ऐकू गेलं. तो भुंकला तशा वहिनी पिशवीसकट तळमजल्यावर. तिथे कट्ट्यावर बसून त्यांनी विचार केला: मी घाबरते, तशी आतली बाईपण घाबरतच असणार. मग तिची भीती आधी घालवायला हवी. तेव्हापासून त्या जिन्यातूनच आवाज द्यायच्या, "मी कौसल्या, लालबागची मसालेवाली, येतेय वर." दार वाजवून झालं की मागे सरायच्या, म्हणजे उघडणाऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत दिसावं. उंबऱ्यावर पाय नाही आणि पुन्हा-पुन्हा वाजवणं नाही. धंदा जमला. मंगळवार माटुंग्याचा, बाकीचे वार दादरच्या वेगवेगळ्या गल्ल्यांचे, असं त्यांनी लावून घेतलं.

माटुंग्याच्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर आनंदीबाई राहायच्या. एकट्याच. मुलगा नागपूरला नोकरीला. त्यांचा सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजात गेलेला, कानाला यंत्र लावून ट्रंक कॉल जोडून देण्यात. दाराला साखळी. सुरुवातीला त्या आतूनच "नको" म्हणायच्या. मग एकदा म्हणाल्या, "आवाज खालच्या बाजूचा वाटतो. मालवण?"

"वेंगुर्ला," वहिनी म्हणाल्या.

"तेच ते. तिकडची लाइन फार खरखरायची. माणसं मात्र छान बोलायची, पहिल्यांदा पाऊसपाणी विचारायची. द्या एक पाकीट."

पण साखळी लावलेल्या दाराच्या फटीतून अर्ध्या किलोचं पाकीट काही आत जाईना. आडवं करून झालं, दाबून झालं. शेवटी आनंदीबाईंनी साखळी काढली आणि मग दोघी किती तरी वेळ हसत उभ्या राहिल्या. तेव्हापासून मंगळवारचा चहा तिथेच ठरला.

ह्याच सुमारास भाऊंनापण काम लागलं. कॉटन ग्रीनच्या एका गोदामात, माल मोजून घ्यायचं. निदान त्यांनी तसं सांगितलं. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी यायचे. शर्टाला फिनेलचा वास यायचा. वहिनींनी विचारलं तर म्हणाले, "गोदाम धुतात." एवढी दोन शब्दांची माहिती भाऊंकडून मिळाली म्हणजे पुष्कळच मिळाली, असं समजून वहिनींनी पुढे विचारलं नाही.

एका मंगळवारी आनंदीबाईंनी दार उघडायला खूप वेळ लावला. आधी "नक्की कौसल्याच ना?" असं विचारून घेतलं, मग साखळी काढली. चेहरा उतरलेला.

"काय झालं काकू?"

"कोणी एक माणूस येतो," आनंदीबाई म्हणाल्या. "दुपारचा. दार वाजवतो. मी विचारते, कोण? तर उत्तर नाही. जरा वेळ उभा असतो, श्वास ऐकू येतो मला. मग खाली उतरून जातो. परवा आला, त्याच्या आधी गेल्या आठवड्यात आला. माझा जन्म गेला गं न दिसणाऱ्या माणसांशी बोलण्यात. शिव्या देणारे ऐकले, रडणारे ऐकले. आवाज आला की मला माणूस कळतो. पण हा बोलतच नाही. त्याचं काय करू?"

"वॉचमनला सांगा."

"तो दुपारी झोपतो. आणि काय सांगू, माझं दार वाजलं म्हणून?" त्या थोड्या पुढे झुकल्या. "एक गोष्ट लक्षात आली माझ्या. कुठल्याही वारी येतो, पण मंगळवारी कधी येत नाही."

वहिनींनी मनात जुळवलं. मंगळवारी येत नाही, म्हणजे मंगळवारी इथे दुसरी बाई असते हे त्याला ठाऊक आहे. म्हणजे पाळत ठेवतोय. त्यांना पहाटेचं ते ठोकणं आठवलं. पण समोर ही म्हातारी बाई एवढीशी होऊन बसलेली. वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "शुक्रवारी मी येते. दुपारभर बसते तुमच्यापाशी. बघू कोण मेला तो."

घरी आल्यावर त्यांना स्वतःच्याच शब्दाची भीती वाटली. भाऊंना सांगावं असं मनात आलं. पण सांगितलं तर ते गोदामात रजा टाकतील, नवीन काम आहे, जाईल हातचं, म्हणून गप्प बसल्या. मला मात्र सांगितलं. मी म्हटलं, "वहिनी, जाताना काहीतरी हातात असू दे." म्हणून त्यांनी पिशवीत मसाल्याच्या पाकिटांखाली खलबत्त्यातला लोखंडी बत्ता टाकला.

शुक्रवारी दोघी बाहेरच्या खोलीत वाल सोलत बसल्या. आनंदीबाईंच्या शेजारी नवऱ्याची जुनी छत्री, पोलादी टोकाची. वहिनींच्या मांडीपाशी बत्ता. वाल सोलून झाले. बोलणं संपलं. पंखा गरगरत होता. आनंदीबाई म्हणाल्या, "आज नाही येत बहुतेक," आणि तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

पावलं वर आली. दाराशी थांबली. मग टकटक.

आनंदीबाईंनी छत्री घट्ट धरली. वहिनींनी बत्ता उचलला. पुन्हा टकटक झाली आणि ह्या वेळी वहिनींनी ती नीट ऐकली. ठोकणं नव्हतं ते. बोट लाकडाला लागावं की नको, अशी ती टकटक होती. दादरच्या त्या पहिल्या दारावर त्यांचं स्वतःचं बोट असंच टेकलं होतं.

"काकू," त्या कुजबुजल्या, "हा माणूस घाबरलाय."

"आपल्याला?"

"दाराला."

मग त्या उठल्या, दाराजवळ गेल्या आणि मोठ्यानं विचारलं, "कोण आहे?"

बाहेर एकदम धाडधाड पावलं खाली पळायला लागली, बरोबर बाटल्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज. वहिनींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी साखळी ओढून काढली, दार उघडलं आणि बत्ता घेऊन त्या जिन्याच्या कठड्याशी धावल्या. खाली वळणावर एक उंच पाठ वळत होती. शर्टाच्या खांद्याला ठिगळ. ते ठिगळ वहिनींनी आदल्याच आठवड्यात लावलेलं.

"अवो," वहिनी म्हणाल्या.

पाठ थांबली. भाऊ वळले. हातात काथ्याची पिशवी, पिशवीत फिनेलच्या बाटल्या. बायकोकडे बघितलं, तिच्या हातातल्या बत्त्याकडे बघितलं.

"आज शुक्रवार ना," भाऊ म्हणाले.

"शुक्रवारच. तुमी गोदामात नाय गेलात?"

भाऊ तिथेच पायरीवर बसले. "गोदाम नाय गो," ते म्हणाले. "कधी नव्हतंच."

वरून आनंदीबाईंचा आवाज आला, "मिळाला का?" छत्री उगारून त्या दारात उभ्या होत्या.

"मिळाला काकू," वहिनी म्हणाल्या. "आमचाच हाय."

सगळं उलगडायला एक चहा पुरला नाही, दुसरा करावा लागला. झालं होतं ते असं. गोदामात काम मागायला खरंच गेले होते भाऊ, पण तिथे माणूस नको होता. परत येताना एका ओळखीच्याने फिनेल विकायचं काम सांगितलं. दारोदार जायचं, बाटली दाखवायची, बोलायचं. भाऊ जायचे, पण बोलणं काही होईना. दादरला वहिनी फिरतात म्हणून दादर टाळलं, आणि मंगळवार सोडून माटुंगा धरला. वहिनी कुठल्या इमारतीत जातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, वार तेवढा ठाऊक होता.

"पण कोण आहे विचारलं की बोलत का नाही तुम्ही?" आनंदीबाईंनी विचारलं. आता त्यांचा आवाज चांगलाच कडक झाला होता.

"ठरवून येतो," भाऊ म्हणाले. "जिना चढताना सगळं पाठ असतं. आतून आवाज आला की जातं. आज तर आवाज हिचाच, म्हणून पळालो."

"मग विकलं काय एवढ्या दिवसांत?"

भाऊंनी बोटांवर मोजलं. "दारं उघडी असलेल्यांनी घेतलं. त्यांना बाटली दिसते."

आनंदीबाईंना आधी हसू आलं, मग त्यांनी चष्मा सारखा केला. "उठा. बाहेर जा आणि दार वाजवा. मी आत आहे, तुम्हाला ओळखत नाही."

आणि मग त्या दुपारी माटुंग्याच्या त्या मजल्यावर शाळा भरली. भाऊ बाहेर, दार बंद. टकटक. "कोण?" म्हणून आनंदीबाई ओरडायच्या.

"मी," भाऊ म्हणायचे.

"मी म्हणजे कोण? नाव सांगा, गाव सांगा, काम सांगा, आणि मग थांबा. पुन्हा."

"मी महादेव घाडी. लालबाग. फिनेल."

"तार करताय का? शब्दाला पैसे नाही पडत इथे. पुन्हा."

"मी महादेव घाडी, लालबागहून आलोय. माझ्याकडे चांगलं फिनेल आहे."

"चांगलं म्हणजे कसं?"

बाहेर बाटलीचं बूच उघडल्याचा आवाज झाला. मग भाऊंनी प्रामाणिकपणे सांगितलं, "वास येतो."

आत वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई काय चाललंय बघायला बाहेर आल्या आणि भाऊंची दया येऊन त्यांनीच एक बाटली घेतली. आनंदीबाईंनी दुसरी घेतली. भाऊंनी इतकी बडबड एका दिवसात पूर्वी कधी केली नसेल. घामानं त्यांचा शर्ट भिजला होता, पण चेहरा उजळला होता.

परतीच्या वाटेवर दोघं चालतच निघाले. हिंदमातापर्यंत वहिनी भाऊंच्या पुढे झपझप चालत होत्या. वर हसू आलं होतं, खाली उतरल्यावर राग आला. शेवटी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "माझ्याशी खोटं कशाला बोललात? मी मसाला घेऊन दारोदार जाते, ते तुमाला चालतं. मग तुमी गेलात तर काय झालं असतं?"

भाऊ रस्त्याकडे बघत म्हणाले, "दार वाजलं की तुझं काय होतं ते मी रोज बघायचो. माझ्यापायी झालं ते. पोलीस माझ्यासाठी आले, तो गिरणीवालापण माझ्यासाठी यायचा. आणि आता मीच लोकांची दारं वाजवत फिरतो, दुपारच्या एकट्या बायकांची. हे तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

हे भाऊंचं आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं असावं, असं वहिनी मला म्हणाल्या होत्या. त्यांचा राग तिथेच फुटपाथवर राहिला. त्या म्हणाल्या, "त्या म्हातारीला आठ-पंधरा दिवस झोप नव्हती तुमच्यापायी. सोमवारी तिचं घर फिनेलनं पुसून द्या, फुकट." भाऊंनी मान हलवली, मग लक्षात येऊन तोंडानं म्हणाले, "देतो."

आणि दिलंही. आनंदीबाई नको-नको म्हणत होत्या. त्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या आणि भाऊंनी मोरीपासून गॅलरीपर्यंत घर लख्ख करून टाकलं.

त्यानंतर दोघं बरोबरच फिरायला लागले. वहिनी जिन्यातून आवाज द्यायच्या, भाऊ पिशव्या वाहायचे आणि आपली पाळी आली की आनंदीबाईंनी शिकवलेलं म्हणायचे. पण लवकरच गिऱ्हाइकांची तक्रार आली. हिंदू कॉलनीतल्या एका बाई म्हणाल्या, तुमच्या मसाल्याची आमटी केली तर घरात दवाखान्याचा वास सुटला. वेगवेगळ्या पिशव्या करून बघितल्या, मधे वर्तमानपत्र घालून बघितलं. फिनेल काही ऐकेना. तेव्हा वहिनींनी भाऊंना सांगितलं, दोघांतलं एक सोडावं लागणार आणि ते मसाला नाही.

मसाला कुटून घ्यायला त्या लालबागच्या मिरची गल्लीत जायच्या. तिथे कुटायची यंत्रं आहेत, त्यांना सगळे डंक म्हणतात. लोखंडी मुसळांची रांग, पट्ट्यावर चालणारी, सारखी वरखाली धाडधाड आपटत असते. एक दिवस वहिनींच्या ऐवजी भाऊ मिरची घेऊन गेले आणि परतच येईनात. वहिनी बघायला गेल्या, तर भाऊ डंकासमोर उभे. डोळे मिटलेले. मिरचीच्या खकाण्यानं आजूबाजूची माणसं शिंकत होती, ह्यांना पत्ताच नाही. मालक दौलतशेठ म्हणाले, "बाई, तुमचे यजमान आल्यापासून हललेले नाहीत. तिसऱ्या मुसळाचा आवाज चुकतोय म्हणतात. चुकतोय खरा, पण मला वाटलं, मलाच तसं ऐकू येतं."

भाऊंनी त्या मुसळाचा सरकलेला पट्टा नीट बसवून दिला आणि दुसऱ्या दिवसापासून ते डंकावरच कामाला लागले. पुन्हा यंत्र, पुन्हा आवाज, पुन्हा खुणा. जेवायला घरी यायचे ते शिंकत आणि खूश. लाल भुकटी भुवयांवर बसलेली असायची, त्यामुळे वर्षभर रंगपंचमी खेळून आल्यासारखे दिसायचे. वहिनींनी आपली गिऱ्हाइकं चालू ठेवली, आणि मसाल्याला दवाखान्याचा वास येणं बंद झालं.

आनंदीबाईंना पुढे मुलानं नागपूरला नेलं. जाताना त्यांनी वहिनींना छत्री देऊ केली, पण वहिनींनी घेतली नाही, म्हणाल्या, नागपूरला ऊन फार असतं, लागेल तुम्हाला. त्यांना मसाला मात्र वर्षातून दोनदा जायचा, नागपूरकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून.

आमच्या चाळीत कुणाकडे फोन नव्हता. दौलतशेठच्या दुकानात होता. आनंदीबाई अधूनमधून तिथे फोन लावायच्या. दौलतशेठ एक हात कानावर ठेवून ओरडायचे, "डंक बंद करा, नागपूर आलंय." मग सगळी मुसळं थांबायची, गल्ली एकदम मोकळी झाल्यासारखी वाटायची, आणि महादेवभाऊ हात पुसत यायचे. रिसीव्हर तोंडापासून लांब धरून, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "मी महादेव घाडी, लालबागहून बोलतोय. तुमच्याकडे पाऊसपाणी काय म्हणतं?" गिऱ्हाइकं मिरचीच्या पिशव्या मांडीवर घेऊन थांबलेली असायची. भाऊंचं बोलणं लवकर आटपायचं नाही, आणि दौलतशेठनं कितीही खुणा केल्या तरी त्यांना त्या दिसायच्या नाहीत.